न वाढलेला हप्ता

दि. २० एप्रिल २०२६
उपकेंद्राच्या मागं, पो. डोंगरकडा,
ता. कळमनुरी, जि. हिंगोली

चि. भारतराव जावईबापू यांस,

मामीचे अनेक आशीर्वाद. आमी इकडं सगळे खुशाल आहोत. तुमी, साक्षी अन् आमची नात राजनंदिनी, आपली नंदू, खुशाल आहात हे साक्षीच्या फोनवरून कळतंच.

तुमी म्हणाल, हातात फोन असताना सासूला पत्राची काय हौस आली. तर ऐका. फोनवर तुमी "हां मामी, बरं मामी, साक्षीला देतो" म्हणता अन् चार सेकंदांत माझी सुट्टी करता. पत्राला तसं करता येत न्हाई. अन् वाचता येत न्हाई अशी सबब सांगू नका. माझं अक्षर आरोग्यसेविकेचं आहे, डॉक्टरचं न्हाई.

कारण असं, की यंदा धोंड्याचा महिना आला. १७ मेला अधिक ज्येष्ठ लागतो, १५ जूनपर्यंत आहे. तीन वर्षांतून एकदा हा महिना येतो अन् लेक-जावयाला पाटावर बसवून धोंडे खाऊ घातल्याबिगर सासूला चैन पडत न्हाई. तुमच्या सोयीचा दिवस कळवा. रविवार असला तर बरं, बँकेला सुट्टी अन् मलाबी लसीकरण नसतं. पुरणाचे धोंडे करीन, वर घरच्या तुपाची धार, अन् तेहेतीस अनारसे. मागच्या खेपेला अनारसे जरा कडक झाले होते, ते मी विसरले न्हाई.

तुमचे मामा मजेत आहेत. शेळ्या आता एकोणीस झाल्या. पांढरीला यंदा तीन करडं झाली तर मला रोज म्हणतात, "शिवकन्या, जरा बघ ना, दूध पुरतंय का तिला." मी म्हणलं, माझी नोकरी माणसांची आहे, शेळ्यांचा पगार सरकार देत न्हाई. तरी बघते. तिसरं करडू अशक्त होतं, बाटलीनं पाजून वाचवलं.

किशनराव भाऊजी रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतात. नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा आलेला सगळा पैसा त्यांनी बँकेत ठेव म्हणून ठेवलेला. गेल्या वर्षात रिझर्व्ह बँकेनं चार वेळा दर उतरवला, सव्वा टक्का गेला. त्यांची ठेव नेमकी आता नवी करायची आली अन् व्याज कमी बसलं. तर ते ओट्यावर बसून रिझर्व्ह बँकेच्या नावानं बोटं मोडतात, अन् मी आत चहा करता करता हसते, कारण तोच दर उतरला म्हणून माझं घराचं कर्ज हलकं झालं. बातमी एकच, पण भाऊजी तोंड पाडून बसलेले अन् मी मनातल्या मनात खुश. वाईट वाटतं म्हणून त्यांच्या चहात साखर जास्त टाकते.

कर्जाचा विषय निघालाच म्हणून सांगते, ते बराबर चालू आहे. त्यात जास्त सांगण्यासारखं काही न्हाई.

तीन वर्षांखाली अधिक श्रावणात आपल्याकडं जे झालं ते मी काढत न्हाई, तुमीबी काढू नका. झालं गेलं. तुमी दर वेळी साक्षीला अन् नंदूला फाट्यापर्यंत आणता, मामांच्या गाडीवर बसवून देता अन् तिथूनच वसमतला माघारी फिरता. नंदूचं बारसंबी तुमी पुसेगावला तुमच्या गावच्या घरीच केलं, मी काही बोलले न्हाई. फाट्यापासून आपलं घर तीन किलोमीटर. यंदा तेवढे तीन किलोमीटर पुढं या.

कळावे, आपली,
सौ. शिवकन्या विश्वंभरराव
आरोग्यसेविका

ता. क. : नंदूचा बूस्टर डोस झाला का ते कार्ड बघून कळवा.


दि. ३ मे २०२६

चि. भारतराव यांस,

आशीर्वाद. साक्षीच्या फोनवरून तुमचा मेसेज आला. "मामी, बूस्टर झाला. साक्षी अन् नंदू धोंड्याला येतील. मी फाट्यापर्यंत येतो. गावात येणार न्हाई. काहून ते तुमाला माहीत आहे."

व्हय, माहीत आहे.

मला वाटलं होतं, इकडचं तिकडचं लिहावं, शेळ्या सांगाव्या, भाऊजींची ठेव सांगावी, म्हणजे तुमी हसाल अन् येऊन जाल. पण तुमी बँकेतला माणूस. कागदावर काय लिहिलं न्हाई तेच आधी बघता. मग आता लिहितेच. मामा शेळ्या घेऊन गेलेत, उपकेंद्राला सुट्टी आहे, घरात मी अन् भिंती. बसा तुमीबी.

लग्नानंतरचा तुमचा पहिला धोंडा. तुमी अन् साक्षी पाटावर. समोर वाण ठेवलेलं, चांदीचं ताम्हण अन् निरांजन, पस्तीस तोळ्यांचं. नरसीहून रुख्मिणीबाई वन्सं आलेल्या. आत भावकीतल्या दहा-बारा बाया, पुरुष मंडळी बाहेर ओट्यावर. अन् मी वाढता वाढता मोठेपणा सांगून राहिले होते. "लोक म्हणतात कर्ज महाग झालं, कर्ज महाग झालं. माझा हप्ता एका रुपयानं वाढला न्हाई! आठ हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी. पहिल्या महिन्यात तेवढा, आजबी तेवढाच. बँकेत इज्जत लागती."

तुमी हळूच विचारलं, "मामी, मुदत बघितली का?"

मी म्हणलं, मुदत काय बघायची, पंधरा वर्षं.

तेव्हा तुमी शेजारच्या फळीवरचं लसीकरणाचं कोरं कार्ड ओढलं. माझ्या घरात दुसरा कागद सापडतो कुठं. त्याच्या मागं तुमी लिहून दाखवलं. महागाई आवरायला रिझर्व्ह बँकेनं वर्षाच्या आत सहा वेळा दर वाढवला होता, अडीच टक्के. माझं कर्ज त्याच दराला बांधलेलं, म्हणून सात टक्क्यांचं साडेनऊ झालं. हप्ता तेवढाच ठेवला तर त्यातलं जास्त व्याजात जाणार अन् मुद्दल कमी फिटणार. म्हणून बँकेनं हप्त्याला हात न लावता वर्षं वाढवली. २०३६ ला फिटणारं घर २०४० वर गेलं. "मामी, तवर तुमी सहासष्टच्या व्हाल. पगार तर अठ्ठावन्नलाच बंद होतो. अजून वेळ आहे, हप्ता दोन हजारानं वाढवून घ्या," असं तुमी म्हणालात.

तुमी अगदी हळू बोललात, हे मला आज आठवतं. पण वन्संचे कान तीक्ष्ण. "अगं बाई, सहासष्ट?" त्या म्हणाल्या अन् दोघी-तिघी हसल्या.

झालं. माझं डोकंच फिरलं. पहिलं घर बांधलेलं, नवऱ्याच्या नावानं न्हाई तर माझ्या नावानं, माझ्या पगारावर. त्या घरात, माझ्या ताटावर बसून कोणी मला सांगतंय की तुला कळत न्हाई. मी काय बोलले ते तुमच्या ध्यानात आहे, तरी लिहिते. "जेवायला आलात का वसुलीला?" असं ओरडले अन् कार्ड तुमच्या हातून ओढून टरकावलं.

तुमी हातातला धोंडा ताटात ठेवला, हात धुतले, मामांना "येतो" म्हणलात अन् निघालात. साक्षी रडत मागं गेली. वाण पाटासमोर तसंच राहिलं.

आता पुढचं साक्षीलाबी माहीत न्हाई.

दुसऱ्या दिवशी केर काढताना कार्डाचे दोन तुकडे सापडले. टाकून देणार होते. पण एका तुकड्यावर २०४० लिहिलेलं दिसलं अन् ते माझ्या डोळ्यापुढून हटंना. उपकेंद्रात जाऊन फोनवरचे बँकेचे जुने मेसेज उघडले. दर महिन्याला मी त्यात हप्त्याचा आकडा तेवढा बघायची. बाकीचं इंग्रजी कोण वाचतं? मुदत तुमी म्हणालात तीच, महिन्यासकट.

समोर बीपीचे पेशंट रांगेत उभे होते. त्यातल्या एका आजोबाला मी नुकतंच झापलेलं, "तकलीफ होत न्हाई म्हणून गोळी सोडली? अवं, तकलीफ होत नसली तरी बीपी आतल्या आत चढत असतं!" पंचवीस वर्षं हेच सांगून राहिले मी घरोघर. अन् स्वतःचा हप्ता वाढला न्हाई म्हणून कर्जाची तब्येत ठणठणीत आहे असं समजून बसले होते! भारतराव, मला माझीच एवढी लाज वाटली की त्या दिवशी मी पुढं कोणालाच झापलं न्हाई. लोक म्हणायला लागले, बाईला आज बरं दिसत न्हाई.

कार्ड दवाखान्यातल्या चिकटपट्टीनं जोडलं. पुढच्या सोमवारी बँकेत जाऊन हप्ता दोन हजारानं वाढवून घेतला. म्हणजे तुमचंच ऐकलं. वरचे दोन हजार मामांच्या बोकडांतून निघतात. मामांना सांगितलं, सरकारी नियम आला आहे. त्यांनी कधी विचारलं न्हाई कोणतं सरकार.

अन् वाण. तुमी घेऊन जाल म्हणून पंधरा दिवस देवाजवळ ठेवलं. तुमी आला न्हाईत. सोळाव्या दिवशी मला असा संताप आला, की पिशवीत घातलं, हिंगोलीला नेलं अन् मोडलं. बावीस हजार आले. तिथूनच बँकेत गेले अन् कर्जात भरले. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "काकू, एवढ्या लवकर भरले म्हणून शेवटचे पाच-सहा हप्ते गेले बघा." मी एवढी खुश झाले की यष्टीत शेजारणीला भेळ खाऊ घातली. आता चांदीचा भाव ऐकते तर टीव्ही बंद करते. तेवढीच चांदी घ्यायला तिपटीच्या वर पैसे लागतात. कर्ज लवकर फेडून मी शहाणी ठरले का चांदी मोडून येडी, ते तुमीच मांडून बघा. मला तर आकडा विचारायची भीती वाटती.

तर असं तुमचं वाण मी खाल्लं. म्हणजे घरानं खाल्लं.

अजून ऐका. गेल्या वर्षी दर उतरायला लागले तशी गावात निराळी ओरड सुरू झाली. पेमा शिलाईवालीनं डोंगरकड्याला दुकानाचा गाळा घेतला आहे, कर्ज काढून. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाई, टीव्हीवर सांगून राहिले दर उतरला, अन् माझा हप्ता तर तेवढाच कापला. माझा पैसा कोणी खाल्ला?" मी म्हणलं, "कोणी न्हाई खाल्ला. हप्ता बघू नको, मुदत बघ. दर चढला तेव्हा वर्षं वाढली, आता उतरला तर कमी झाली असतील." तिनं जाऊन बघितलं, खरंच दीड-पावणेदोन वर्षं कमी झालेली. मग तिला सांगितलं, आता हाताशी पैसा पाहिजे असंल तर हप्ता कमी करून माग, न्हाईतर आहे तसा राहू दे, लवकर सुटशील. तिनं हप्ता तसाच ठेवला अन् वर एक मशीन घेतली. दर उतरल्यावर मशीनचंबी कर्ज तिला स्वस्त पडलं. दोन पोरी कामाला ठेवल्या. तेव्हापासून जो तो मला विचारायला येतो. ट्रॅक्टरवाले येतात, गुरुजी येतात. म्हणतात, "बाईला बँकेचं लई कळतं." मी तुमच्या कार्डावरचं बोलते अन् मान हलवून घेते.

एवढं सगळं लिहून झालं, तरी खरं ते मागंच राहिलं.

तुमी गावात काहून येत न्हाई ते मी ओरडले म्हणून न्हाई. तेवढं तुमी कधीच पोटात घातलं असतं, तुमचा सभाव मला कळतो. गावात तुमच्याबद्दल काय बोलतात ते तुमच्या कानावर आलेलं आहे. जावयाला सोन्याची अंगठी पाहिजे होती, चांदी दिली म्हणून रुसून ताटावरून उठला, असं बोलतात. हे पहिल्यांदा वन्सं बोलल्या. ओट्यावरच्या लोकांनी विचारलं, काय झालं, तर त्यांनी पटकन सांगून टाकलं. नंतर मला म्हणाल्या, "वहिनी, तुमचं कर्ज चव्हाट्यावर कशाला आणायचं, म्हणून मी तसं सांगितलं."

अन् मी गप बसले. नळावर एकीनं तोंडावर विचारलं, "व्हय का बाई, अंगठी मागितली का जावयानं?" मी म्हणलं, "जाऊ द्या आता." न्हाई म्हणायला काय लागत होतं? दोन अक्षरं. पण न्हाई म्हणलं असतं तर मग काय झालं होतं ते सांगावं लागलं असतं, अन् मग सहासष्ट आलं असतं, टरकावलेलं कार्ड आलं असतं. त्यापेक्षा तुमचं नाव खराब झालेलं मला चाललं. ज्या माणसानं आजवर माझ्याकडून साधा रुमाल घेतला न्हाई, त्याचं.

हे तुमाला लिहिलं, मन मोकळं झालं. आता तरी या. गावाचं मनावर घेऊ नका, तीन वर्षं झाली, लोक विसरले.

तुमची मामी,
सौ. शिवकन्या


दि. २० मे २०२६

चि. भारत,

वर नुसतं नाव लिहिलं अन् मग खोडायला गेले. आता राहू द्या तसंच. तुमी मला लेकाच्या जागी आहात.

तुमचा फोन आला, साक्षीचा न्हाई, तुमचा. मी हात पदराला पुसून घेतला, तर तुमी एवढंच म्हणालात, "मामी, पत्र चांगलं आहे. पण मला ते माहीतच होतं. ज्यांना माहीत न्हाई त्यांना सांगा." अन् ठेवला.

चार दिवस मी तुमच्यावर चिडून होते. मामांवर चिडले, शेळ्यांवर चिडले. एवढं तीन-चार पानं लिहिलं, अन् जावई म्हणतो पत्ता चुकला! पाचव्या दिवशी कार्ड हातात घेतलं अन् वाटलं, हा माणूस दर वेळी कमी बोलतो अन् दर वेळी बराबरच बोलतो. लई तकलीफ आहे असा जावई म्हणजे.

काल मंगळवार, लसीकरणाचा दिवस. समाजमंदिरात तीस-पस्तीस बाया, मांडीवर लेकरं. अधिक महिना म्हणून वन्संबी नरसीहून आलेल्या, त्या दारातच बसलेल्या. पेमा नातवाला घेऊन आली होती. तिनं सगळ्यांदेखत माझं कौतुक काढलं, "बाईमुळं मला मुदतीचं कळलं, न्हाईतर मी बँकेत भांडायला निघाले होते."

माझ्या एका हातात सुई, समोर एका लेकराची मांडी. मी आधी सुई दिली, कापूस दाबायला सांगितला अन् उभी राहिले.

"पेमा, ते मला ठावं नव्हतं. मला माझ्या जावयानं शिकवलं," मी म्हणलं अन् रजिस्टरमधून कार्ड काढलं. "हे त्यांचं अक्षर. धोंड्याच्या ताटावर बसून त्यांनी मला सांगितलं, मामी, तुमचं कर्ज सहासष्टाव्या वर्षापर्यंत गेलं. मला ते झोंबलं. मी त्यांना म्हणलं, जेवायला आलात का वसुलीला, अन् हे कार्ड फाडलं. म्हणून ते उठून गेले. अंगठीची गोष्ट खोटी आहे. त्यांनी अंगठी मागितली न्हाई, काहीच मागितलं न्हाई."

नुसतं सुई टोचलेलं लेकरू रडून राहिलं होतं.

वन्सं खालच्या आवाजात म्हणाल्या, "वहिनी, मी तुमची लाज राखायला बोलले होते."

"ठावं आहे मला. म्हणून तर मी गप राहिले. तुमी बोलला, मी गप राहिले, अन् पोराचं नाव दोघींनी मिळून घालवलं."

त्या उठून माझ्याजवळ आल्या अन् कार्ड हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिल्या. त्यांना वाचता येत न्हाई. मग डोळ्याला पदर लावला. मी म्हणलं, वन्सं, रडू नका, लेकरं घाबरतात. तर माझंच नाक वाहायला लागलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून भागाबाई आजी मोठ्यानं म्हणाली, "मग ती चांदी कुठं गेली गं?"

काय सांगू आता! सांगितलं, मोडली. कितीला? बावीस हजाराला. "अगं येडे! आज केवढ्याची झाली असती!" अन् जी हसायला लागली आजी, तिचं बघून सगळं समाजमंदिर हसायला लागलं. पेमा डोळे पुसत म्हणाली, "बाई, मग आता सहासष्टला फिटतं का कधी?" मी म्हणलं, "वरचे हप्ते भरले, वर दर उतरला, अन् जावयाची चांदी. आता एकोणसाठ!" परत हशा. या खेपेला मीबी हसले, भारत. पोट दुखेपर्यंत हसले. तीन वर्षांनी एवढी हसले असंन.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. किशनराव भाऊजी ओट्यावर आले अन् चहा यायच्या आधीच म्हणाले, "भारतराव येऊन राहिले का? माझी ठेव कुठं ठेवावी ते विचारायचं होतं." ट्रॅक्टरवाल्यांचाबी निरोप आला. तुमी आलात तर धोंडा ताटात पडायच्या आधी निम्मं गाव आपापले कागद घेऊन ओट्यावर बसलेलं असंल, तेवढी तयारी ठेवा. मामांनाबी सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं, बोकडांचे दोन हजार मागणारं सरकार तूच आहेस."

यंदा वाण पितळेच्या निरांजनाचं आहे. चांदी माझ्या आवाक्यात न्हाई, अन् कर्ज काढून घेतली तर तुमी परत ताटावरून उठाल.

एक अजून राहिलं. हे कोणालाच माहीत न्हाई, मामांनासुद्धा. तुमी साक्षीला अन् नंदूला सोडायला फाट्यावर येता ना, तेव्हा दर वेळी मी तिथल्या चहाच्या हॉटेलमागं उभी असते. उपकेंद्रातून आधीच निघून चालत येते. तुमी नंदूच्या डोक्याला रुमाल बांधता, मामांना गाडी हळू चालवा म्हणता. गाडी वळली तरी तुमी तिथंच उभे राहता, ती दिसंनाशी होईपर्यंत. मग एकटेच वसमतच्या गाडीची वाट बघता. एकदा तर पाऊण तास बघितली. मी दहा पावलांवर होते. हाक मारायची म्हणून तोंड उघडायचे अन् मिटायचे. मग तुमची गाडी यायची, अन् मी मागच्या वाटेनं घरी येऊन साक्षीला विचारायची, "काय गं, कोण आलं होतं सोडायला?"

७ जूनला रविवार आहे. त्या दिवशी मी हॉटेलच्या मागं उभी राहणार न्हाई. रस्त्याच्या कडेला, गाड्या थांबतात तिथं उभी राहीन. आपण तीन किलोमीटर चालत येऊ, सगळ्या गावासमोरून. नंदूला मी कडेवर घेईन. माझ्याकडं तुमचं जे राहिलं आहे ते वसूल करून घ्यायलाच या.

तीन पत्रं झाली, एक शब्द लिहायला जमत नव्हता. समाजमंदिरात सगळं बोलले, तिथंबी तेवढा गाळला. आता लिहिते.

मी चुकले.

फाट्यावर उभी असलेली,
तुमची मामी